लाकडी घर, सुट्या भागांचं

कारखान्यात बनवलेलं घर म्हटलं की डोळ्यासमोर एकसारखे खोके येतात ना, मलाही तेच यायचे. पण सीएनसी मशीनमुळे, म्हणजे कॉम्प्युटरच्या फाइलप्रमाणे आपोआप कापणाऱ्या यंत्रामुळे, गणितच बदललंय. आधी शंभर पीस सेम टू सेम काढले तरच परवडायचं, आता मशीनला काय, फाइल बदलली की पुढचा तुकडा वेगळा आणि खर्च जवळपास तोच. विकीहाऊस या घरबांधणी प्रकल्पवाल्यांनी २०११ मध्ये हेच धरलं, डिझाइन सगळ्यांना खुलं केलं, १८ मिमी प्लायवूड मशीनवर कापायचं आणि खाचेत खाच बसवून मोगरीने ठोकायचं, ठोकळ्यांचा खेळच म्हणा!

उंच लाकडी इमारतीला सीएलटी लागतं, म्हणजे फळ्यांचे आडवे-उभे थर चिकटवून केलेलं जाड पॅनेल. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या १८ मजली ब्रॉक कॉमन्स इमारतीचा लाकडी सांगाडा ७० दिवसांच्या आत उभा राहिला (लिफ्ट-जिन्याचे गाभे मात्र काँक्रीटचेच हं).

माझं घोडं अडतं ते पाण्यापाशी. मशीन कापेल एकदम अचूक, पण लाकूड ओल प्यायलं की त्यातल्या रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, कालपर्यंत सहज बसणारी खाच आज बसत नाही, आणि कापलेली कड उघडी राहिली की पाणी तिथूनच आत शिरतं. एवढी हायटेक गोष्ट आणि सगळं अवलंबून कशावर, तर साइटवर कोणी वेळेत ताडपत्री टाकली का यावर.

आणि अख्ख्या तयार खोल्या ट्रकवरून नेणं मला तरी पटत नाही, निम्म्याहून जास्त हवाच वाहायची, त्यापेक्षा चपटे पॅनेल बरे.