आमची वाटचाल : कनेक्टर तोच, आत धावतं ते वेगळं

आमच्या कामाची सुरुवात आवाजाच्या उपकरणांच्या केबल बनवण्यापासून झाली. कापायची, सोल्डर करायची, तपासायची आणि द्यायची. तेव्हा एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांचा गोल कनेक्टर, दिसला की ती माइकची केबल, हे गृहीतच असायचं. पिन १ शील्डची, म्हणजे तारांभोवतीच्या धातूच्या आवरणाची, २ हॉट आणि ३ कोल्ड, म्हणजे सिग्नलची सुलट आणि उलट तार. सिग्नल मेलच्या पिनांतून बाहेर पडतो आणि फिमेलमध्ये शिरतो. एका टोकाला २ आणि ३ ची अदलाबदल झाली तरी आवाज येतोच, फक्त त्याची पोलॅरिटी उलटते, म्हणजे लाट वरची खाली होते. मग एकाच वाद्यासमोर लावलेले दोन माइक एकत्र उघडले की खर्ज नाहीसा होतो. म्हणून मल्टिमीटरची बीप ऐकून आम्ही थांबत नाही. एकेक पिन दोन्ही टोकांना ताडून पाहतो आणि त्याच वेळी केबल कनेक्टरच्या मानेजवळ हलवतो. कच्चं सोल्डर तिथेच सापडतं.

डिजिटल उपकरणं आली आणि त्याच एक्सएलआरमध्ये वेगळाच सिग्नल धावू लागला. डिजिटल आवाज पाठवण्याचं एईएस ३ हे मानक १९८५ मध्ये आलं. त्याच तीन पिना, एकाच केबलमध्ये दोन चॅनल, पण केबल ११० ओहम इम्पीडन्सची, म्हणजे वेगाने बदलणाऱ्या सिग्नलला तेवढा विरोध करणारी, हवी. माइकच्या साध्या केबलचा इम्पीडन्स याहून बराच कमी असतो. ॲनालॉग आवाज जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंत जातो, त्यामुळे तिथे हा फरक जाणवत नाही. एईएस ३ मात्र ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला, म्हणजे आवाजाची सेकंदाला ४८,००० मोजमापं घेताना, सेकंदाला ३० लाखांवर बिट पाठवतं. इम्पीडन्स जुळला नाही की सिग्नल टोकावरून परततो, बिटांच्या कडा विस्कटतात आणि समोरचं उपकरण चुकीचं वाचतं.

फसगत अशी होते की पाच मीटरची माइक केबल हे काम बिनतक्रार करते. तीच लांब केली, सॅम्पल रेट ९६ केला, की कडकड सुरू होते. ॲनालॉग केबल खराब होते तेव्हा आवाज हळूहळू बिघडतो. डिजिटलमध्ये शेवटच्या क्षणापर्यंत सगळं उत्तम ऐकू येतं आणि मग एकदम तुटतं. त्यामुळे ‘लावून पाहिली, चालली’ हा आम्ही पुरावा धरत नाही. ११० ओहमची केबल वेगळ्या रंगाची ठेवली आणि लेबलावर कनेक्टरचं नाव लिहिणं बंद केलं. आता तिथे ‘एईएस ३, ११० ओहम, २० मीटर’ असं लिहितो.

बाकीच्या कनेक्टरांचीही हीच गत. टॉसलिंक या प्रकाशाने सिग्नल नेणाऱ्या केबलच्या चौकोनी प्लगमधून एसपीडिफ या पद्धतीचे दोन चॅनल येतील किंवा एडॅट या पद्धतीचे आठ. लाल दिवा दोन्हीकडे सारखाच दिसतो. एडॅट ९६ किलोहर्ट्झवर नेलं की आठाचे चार चॅनल होतात, आणि ‘निम्मे चॅनल गेले’ अशी तक्रार येते तेव्हा बहुधा हेच कारण असतं. बीएनसी या फिरवून अडकवायच्या गोल कनेक्टरवर वर्डक्लॉक, म्हणजे उपकरणांची वेळ जुळवणारा सिग्नल, असेल, ६४ चॅनल नेणारं माडी हे डिजिटल मानक असेल किंवा व्हिडिओ. हे सगळे ७५ ओहमचे. रेडिओच्या कामाची ५० ओहमची बीएनसी केबल हुबेहूब तशीच दिसते, म्हणून तिचं कपाटच वेगळं.

क्लॉकबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण केबलवर येणारा बराचसा दोष खरं तर क्लॉकचा असतो. दोन उपकरणं ४८ किलोहर्ट्झवर ठेवली आणि दोन्ही आपापल्या क्रिस्टलवर, म्हणजे आतल्या घड्याळावर, चालली, तर ती कधीच तंतोतंत जुळत नाहीत. त्यांच्यात दहा लाखांत दहाचा फरक धरा. ४८,००० सॅम्पलांमागे सेकंदाला ०.४८ सॅम्पल, म्हणजे साधारण दर दोन सेकंदांनी एक सॅम्पल गळतं किंवा दुबार वाजतं. ठरावीक अंतराने ‘टिक’ ऐकू आली तर आधी क्लॉक पाहावं. अनियमित कडकड असेल, केबल हलवल्यावर वाढत असेल, तर केबल पाहावी. क्लॉक देणारं मास्टर उपकरण एकच, बाकी सगळी उपकरणं त्याच्यामागे. वर्डक्लॉकची केबल टी आकाराचे जोड लावत पुढे नेली असेल तर ७५ ओहमचं टर्मिनेशन, म्हणजे सिग्नल परतू न देणारा रोध, फक्त शेवटच्या उपकरणावर द्यायचं. मधल्या उपकरणाचं टर्मिनेशनचं बटन चुकून दाबलेलं राहिलं तर व्होल्टेज पडतं आणि क्लॉकशी जुळलेला लॉक अधूनमधून सुटतो.

नेटवर्कचं काम सुरू झालं तेव्हा ऑर्डरवर ‘नेटची वायर’ असं लिहून येऊ लागलं. आम्ही उलट विचारतो : दोन्ही टोकांना कोणतं उपकरण आहे? आरजे ४५ मध्ये, म्हणजे नेटवर्क केबलच्या कनेक्टरमध्ये, एईएस ५० हे अनेक चॅनल नेणारं डिजिटल मानक असेल तर ते थेट एका उपकरणातून दुसऱ्यात जातं, मध्ये अनेक उपकरणं जोडणारा इथरनेट स्विच चालत नाही. त्याला शील्ड असलेली केबल लागते आणि इथरकॉनचं, म्हणजे आरजे ४५ भोवती बसणाऱ्या मजबूत कनेक्टरचं, धातूचं कवच दोन्ही टोकांना शील्डशी जोडलेलं असावं लागतं. तसं नसेल तर अंगातल्या स्थिर विजेच्या ठिणगीनेही आवाज क्षणभर तुटतो.

नेटवर्कवरून आवाज पाठवणारं दांते २००६ मध्ये आलं. ते स्विचमधूनच चालतं, पण स्विच नीट बसवावा लागतो. वीज वाचवणारं इथरनेट, म्हणजे ईईई, बंद करायचं. ते पोर्टला डुलकी घ्यायला लावतं आणि क्लॉकच्या पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, वेळ चुकते. क्यूओएसमध्ये, म्हणजे कोणतं पॅकेट आधी जाईल हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, डीएससीपी या प्राधान्याच्या खुणेचा आकडा ५६ म्हणजे क्लॉक सगळ्यांत वर, त्याखाली ४६ म्हणजे आवाज. मल्टिकास्ट, म्हणजे एकच आवाज एकाच वेळी अनेक उपकरणांना पाठवणं, वापरत असाल तर आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे तो फक्त मागणाऱ्या पोर्टांकडे सोडणं, सुरू ठेवायचं. प्रायमरी आणि सेकंडरी, म्हणजे मुख्य आणि राखीव, ही दोन जाळी कुठेही एकमेकांना जोडायची नाहीत. उपकरणांची साखळी केली असेल तर तिची दोन टोकं एकत्र आणायची नाहीत. लूप झाला की सगळं जाळं ठप्प होतं.

केबल क्रिम्प करताना, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवताना, आम्ही तारांच्या रंगांचा ५६८ बी हा एकच क्रम ठेवतो : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी येते, तिथेच हात चुकतो. दोन्ही टोकांना सारखीच चूक झाली तर साधा टेस्टर आठही दिवे हिरवे दाखवतो, पण पिळलेल्या जोड्या फुटलेल्या असतात आणि पॅकेट गळतात. पीळ १३ मिलिमीटरहून जास्त उकलायचा नाही. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल आम्ही घेत नाही. तिचा रोध जास्त, ती वाकवली की तुटते, आणि तिच्यावरून पीओई, म्हणजे त्याच केबलमधून उपकरणाला वीज, दिलं तर तापते. कायमच्या बसवणुकीला एकसंध तारेची केबल, रोज गुंडाळायची असेल तर बारीक धाग्यांची.

नेटवर्कची तांब्याची केबल १०० मीटरला थांबते. त्यापुढच्या अंतरासाठी अलीकडे आम्ही फायबर, म्हणजे प्रकाशाने सिग्नल नेणारी केबल, बसवतो. एलसी कनेक्टर इथेही दोन्ही जातींना तोच असतो : सिंगल मोडचं आवरण बहुधा पिवळं, मल्टिमोडचं फिकट निळसर किंवा नारिंगी. दोन्ही टोकांची एसएफपी मॉड्यूल, म्हणजे विजेच्या सिग्नलचा प्रकाश करणारे तुकडे, फायबरच्या जातीची आणि एकाच तरंगलांबीची हवीत. टोपण काढल्यावर टोक आधी पुसायचं, मगच आत घालायचं.