65 नव्हे, 62.7: कूलरच्या ब्रॅकेटवरून डिझाइन

आयटीआयचा ड्राफ्ट्समन मेकॅनिकल ट्रेड दोन वर्षांचा, दहावीनंतरचा डिप्लोमा तीन वर्षांचा. दोन्हीकडे प्रोजेक्टची वेळ आली की मुलं रोबोट आणि ड्रोनकडे धावतात. नागपूरच्या विद्यार्थ्याने त्याऐवजी घरातला कूलर उघडावा. पंप टाकीच्या तळातल्या गाळापासून 15 मिमी वर धरणारा साधा एल आकाराचा ब्रॅकेट घ्या. डिझाइनमधले खरे निर्णय एवढ्याशा भागात सगळे सापडतात.

18 गेजचा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पत्रा म्हणजे साधारण 1.2 मिमी जाडीचा. गेजच्या नंबरावर विसंबू नका, व्हर्नियरने मोजा. समजा, ब्रॅकेटच्या बाजू बाहेरून 40 आणि 25 मिमी हव्या आहेत. बहुतेक जण 65 मिमीची पट्टी कापतात आणि ब्रॅकेट मोठा निघतो. वाकवताना पत्र्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते; लांबी जिथे बदलत नाही ती रेषा मधोमध नसून आतल्या बाजूला सरकलेली असते. वाकाची आतली त्रिज्या 1.5 आणि के फॅक्टर (ही रेषा आतल्या पृष्ठभागापासून जाडीच्या किती पट अंतरावर आहे तो आकडा) 0.4 धरला, तर 90 अंशांच्या वाकासाठी 1.57 × (1.5 + 0.48), म्हणजे 3.11 मिमी पत्रा लागतो. दोन्ही बाजूंतून प्रत्येकी 2.7 (त्रिज्या 1.5 + जाडी 1.2) वजा केले की सरळ भाग 37.3 आणि 22.3 उरतात. त्यात वाकाचे 3.11 मिळवले की एकूण 62.7.

हा 0.4 पुस्तकातला आहे. तुमच्या वर्कशॉपच्या प्रेसवर आकडा थोडा वेगळा येईल. त्यासाठी त्याच पत्र्याची नेमकी 100 मिमीची पट्टी वाकवा आणि दोन्ही बाजू बाहेरून मोजून बेरीज करा. बेरीज 102.3 च्या आसपास आली पाहिजे. 100 च्या वर जेवढी येईल तेवढी वजावट तुमच्या ड्रॉइंगमध्ये धरा. दाब काढल्यावर पत्रा एक-दोन अंश उघडतो, म्हणून तेवढा जास्त वाकवावा लागतो.

भोकाची जागा ठरवताना पुन्हा गडबड होते. एम5 बोल्टसाठी 5.5 मिमीचं भोक वाकाला चिकटून पाडलं, तर वाकवताना ते ओढलं जाऊन लांबट होतं. भोकाची कड वाक संपतो तिथून किमान 4 मिमी दूर हवी. बाहेरच्या पृष्ठभागापासून केंद्र 12 मिमीवर ठेवलं की निर्धास्त. सगळी मापं एकाच कडेपासून द्या. चार मापं साखळीने दिली आणि प्रत्येकाला ±0.2 सूट असली, तर शेवटच्या भोकापर्यंत ती ±0.8 होते.

पातळ पत्र्यात साधा ड्रिल बिट पलीकडे निघताना पत्रा उचलतो आणि भोक तिकोनी होतं. खाली लाकडाचा ठोकळा ठेवा, दोन क्लॅम्प लावा. हातात धरलेला पत्रा फिरला तर बोटं कापतो, आणि ड्रिलवर हातमोजे मुळीच नकोत. या पत्र्यात टॅप मारायचा (भोकात आटे पाडायचा) विचारही करू नका: एम5 चा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 0.8 मिमी, म्हणजे दीडच आटे मिळतात आणि पहिल्या घट्ट आवळणीत ते निघून येतात. रिव्हेट नट, म्हणजे भोकात रिव्हेटसारखा दाबून बसवायचा नट, वापरा.

नमुना आधी पुठ्ठ्याचा करा, मग थ्री-डी प्रिंट. प्रिंटरमधलं पीएलए प्लास्टिक साधारण 60 अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला नमुना परीक्षेआधीच वाकडा होईल. गच्चीवरच्या कूलरवर बसवून बघायचं असेल तर पीईटीजी किंवा एबीएस घ्या. छापलेली भोकं थोडी लहान येतात, ड्रिलने साफ करा.

गंजाचा विचार ड्रॉइंगवरच लिहा. कापलेल्या कडेला आणि भोकात जस्ताचा थर नसतो, आणि कूलरमध्ये पाणी उडून जातं पण क्षार मागे राहून टाकीत वाढत जातात. कडांना झिंकचं प्रमाण जास्त असलेला प्रायमर लावा. पितळी स्क्रू टाळा: ओल्या जागी पितळ जस्ताला टेकलं की जस्त आधी संपतं, मग पत्रा गंजतो.