दोन उजव्या बाह्या : आईच्या निदानापर्यंतचा माझा अनुभव

आईने नातीसाठी शिवलेल्या फ्रॉकच्या दोन्ही बाह्या उजव्या निघाल्या, तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. बाहीचा मुंडा, म्हणजे खांद्याशी जोडली जाणारी तिची वक्र कड, पुढच्या बाजूला थोडा अधिक खोलगट कापावा लागतो आणि कापडाची दुहेरी घडी घालून बेतले, की उजवी व डावी अशा दोन्ही बाह्या आपोआप निघतात. चाळीस वर्षे शिवणकाम केलेल्या बाईला हे कुणी सांगण्याची गरज नव्हती. आईने बाही उसवली, उरलेल्या कापडातून नवी बेतली आणि पुन्हा उजवीच जोडली. दुसऱ्या वेळी कुणी हसले नाही. दोन्ही बाह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून ती बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "कापडच वाईट आहे." तेव्हा तिचे वय ७१ होते. अल्झायमरचे निदान होण्यास त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष लागले.

त्या दीड वर्षातला बराच काळ एका चुकीच्या समजुतीत गेला. अल्झायमर म्हणजे विसरणे, इतकेच मला ठाऊक होते, आणि विसरते तर मीही. चष्मा कुठे ठेवला ते मला आठवत नाही, ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडते आणि संध्याकाळी भलतेच काम करत असताना अचानक सापडते. आईचे विसरणे या जातीचे नव्हते. दुपारी माझ्याशी फोनवर अर्धा तास बोललेली आई संध्याकाळी म्हणायची, "आज तुझा फोनच नाही आला गं," आणि मी कितीही खुणा सांगितल्या तरी त्या बोलण्यातले काहीच तिच्या हाती लागत नसे. एखादा तपशील निसटणे वेगळे आणि अख्खी घटना मनात नोंदलीच न जाणे वेगळे. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात नव्या आठवणी पक्क्या होतात आणि अल्झायमरमध्ये या भागाला सुरुवातीलाच इजा होते, म्हणून लहानपणीच्या शाळेची बाकमांडणी सांगणाऱ्या आईला दुपारचा फोन आठवत नव्हता. "जुने तर सगळे लख्ख आठवते तिला," हे वाक्य आम्ही एकमेकांना धीर देण्यासाठी वापरत होतो. प्रत्यक्षात तेच लक्षण होते.

शिवाय आमच्याकडे कारणे तयार होती. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले होते, त्यामुळे आई गप्प झाली, वाचन सोडले, मैत्रिणींकडे जाणे बंद केले, याचा अर्थ आम्ही दुःख असाच लावला. सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा मोतीबिंदू असेल म्हणून डोळे तपासून घेतले. मोतीबिंदू होताही, शस्त्रक्रियाही झाली, नजर स्वच्छ झाली. तरी बाही उलटीच लागत राहिली. दोष डोळ्यांत नव्हता, डोळ्यांनी पाहिलेल्या आकारांची जुळणी करणाऱ्या मेंदूत होता. बोलताना शब्द अडायचे आणि कात्रीला ती "ते कापायचे" म्हणायची. पैशांचे पाकीट कपाटातल्या चादरींच्या घडीत सापडले, त्याआधी दोन दिवस ती घरी कामाला येणाऱ्या बाईंवर संशय घेत होती. त्या बाईंची मी नंतर माफी मागितली, पण तो आळही आजाराचाच भाग असू शकतो हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

पहिल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत "वयोमानाप्रमाणे होते असे" म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. मला त्यांचा राग आला होता. आता तो तितकासा नाही, कारण त्यांच्यासमोर आई उत्तम बोलली होती. नीटनेटकी बसली, त्यांची चौकशी केली, तारीख विचारल्यावर "आता निवृत्त माणसाला तारखेचे काय काम?" असे म्हणून त्यांनाच हसवले. उत्तर येत नसले, की ते विनोदात किंवा माझ्याकडे वळून टोलवण्याची ही हातोटी सुरुवातीच्या काळात अनेकांमध्ये दिसते आणि अनोळखी माणसासमोर थोडा वेळ तग धरता येतो. मी शेजारी बसून तिची अब्रू जपत गप्प राहिले. ती माझी चूक होती.

त्यानंतर मी एक वही केली. तारीख, वेळ, काय घडले, पूर्वी ती हे काम कसे करत असे, एवढेच लिहायचे ठरवले. "आई विसरते" असे ढोबळ वाक्य लिहायचे नाही, हा नियम दादानेही पाळला. तीन महिन्यांत जमलेल्या नोंदींपैकी एक अशी होती : "विजेचे बिल तीन वेळा भरले. तिन्ही पावत्या एकाच डब्यात. दाखवल्यावर म्हणाली, हे अक्षर माझे नाही." दुसरी : "रोजच्या रस्त्यावर डावीकडे वळण्याऐवजी सरळ गेली, परत येताना घाबरलेली होती." सुट्या सुट्या पाहिल्या तर यातली कोणतीही गोष्ट कुणाच्याही घरी घडेल. एकापुढे एक मांडल्यावर मात्र दिसले, की जी कामे तिला सवयीने जमत होती तीच मोडत चालली होती आणि ती मोडत आहेत याची जाणीवही तिला क्वचितच होत होती.

पुढच्या वेळी आम्ही मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो आणि तिथे सर्वांत आधी प्रश्न विचारले गेले ते मला. आठ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली होती : निर्णय घेताना चुका होतात का, आवडीच्या गोष्टींतला रस कमी झाला आहे का, तेच तेच पुन्हा बोलले जाते का, नवे यंत्र शिकणे जड जाते का, महिना किंवा वर्ष चुकते का, पैशांचे व्यवहार अवघड वाटतात का, ठरलेल्या भेटी विसरल्या जातात का, विचार आणि स्मरण यांत रोज अडचण येते का. यांतल्या दोन किंवा अधिक गोष्टींत पूर्वीपेक्षा बदल असेल तर पुढे तपासावे, असा संकेत आहे. माझ्या वहीत सात निघाल्या.

मग आईची चाचणी झाली. ३० गुणांची ती चाचणी दिसायला सोपी असते, पण तिथे बसलेल्या माणसाला ती परीक्षाच वाटते. तिला पाच शब्द ऐकवून दोनदा म्हणवून घेतले आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारले, तेव्हा एकही आला नाही. "त्यातले एक फूल होते," अशी खूण दिल्यावरही आला नाही, आणि डॉक्टरांनी ते अधोरेखित केले. उदासीत किंवा लक्ष लागत नसताना शब्द सहसा मनात असतो, फक्त बाहेर येत नाही, म्हणून खूण दिल्यास तो पुष्कळदा सापडतो. इथे तो आत उतरलाच नव्हता. त्यानंतर घड्याळ काढायला सांगितले आणि अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितली. आईने वर्तुळ सुरेख काढले. मापाशिवाय गोल गळा कापणारा तो हात होता. आकडे मात्र बारापासून सहापर्यंत दाटीवाटीने आले आणि उरलेली बाजू मोकळी राहिली. मिनिटांचा काटा दोनवर जायला हवा होता, तो तिने दहावर नेला, कारण कानांनी "दहा" ऐकले होते. पेन्सिल खाली ठेवून ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "बरोबर आहे ना?" तिथे नातेवाइकांनी उत्तर द्यायचे नसते. मी खाली पाहिले.

तरीही त्या दिवशी निदान झाले नाही आणि ही सावधगिरी मला पटली. स्मृतिभ्रंशासारखी (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) दिसणारी, पण बरी होऊ शकणारी कारणे आधी बाजूला काढावी लागतात. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, रक्तातील सोडियम आणि साखर तपासली. बाबा गेल्यापासून ती झोपेची गोळी घेत होती, त्यात खाज कमी करणाऱ्या ॲलर्जीच्या गोळीची भर पडली होती. दोन्हींमुळे विचारांवर झापड येऊ शकते, म्हणून त्या डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू बंद केल्या. बी-१२ कमी निघाले, त्याची इंजेक्शने सुरू झाली, उदासीसाठीही औषध दिले गेले. तीन महिन्यांत आई ताजीतवानी झाली, पुन्हा फिरायला जाऊ लागली, आणि आम्हाला वाटले की सुटलो. वही मात्र वेगळेच सांगत होती. बिले आणि फोन यांच्या नोंदी कमी झाल्या नव्हत्या. एमआरआयमध्ये गाठ, मोठा रक्तस्राव किंवा मोठा पक्षाघात दिसला नाही, दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस मात्र वयाच्या मानाने बरेच आकसलेले होते. दुसऱ्या चाचणीत गुण आणखी दोनाने उतरले, तेव्हा डॉक्टरांनी अल्झायमर हा शब्द उच्चारला.

आईने तो शांतपणे ऐकला आणि विचारले, "म्हणजे मी वेडी नाही ना?" डॉक्टरांनी खुर्ची तिच्याजवळ ओढून तिलाच उत्तर दिले, मला नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांची कायम ऋणी राहीन.

धोक्याच्या घटकांबद्दल बोलणे सुरू झाले तेव्हा मला अपराधी वाटू लागले. वय हा सर्वांत मोठा घटक. पासष्टीनंतर दर पाच वर्षांनी धोका साधारण दुप्पट होतो, आणि त्यावर कुणाचा इलाज नाही. पण आईचा रक्तदाब पन्नाशीपासून वाढलेला होता आणि "आज बरे वाटते" म्हणून ती गोळी सोडत असे. दहा वर्षे तिला कमी ऐकू येत होते. श्रवणयंत्र म्हातारपणाचे लक्षण म्हणून तिने नाकारले आणि आम्ही मोठ्याने बोलायची सवय लावून घेतली. त्यात एकटेपणा आणि उदासीची भर पडली. द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली असे बदलता येण्याजोगे १४ घटक मांडले आणि ते सर्व दूर करता आले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा अंदाज दिला. श्रवणदोष, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, डोक्याला मार, न सुधारलेली नजर, एकाकीपणा असे सगळे त्यात येते. मात्र हा आकडा समूहाचा आहे. आईने गोळ्या वेळेवर घेतल्या असत्या तर तिला हा आजार झालाच नसता, असे त्यातून सिद्ध होत नाही. हे मला डॉक्टरांनी दोनदा सांगितले, कारण पहिल्यांदा मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

भीती माझ्या स्वतःबद्दलही होती. डॉ. आलोईस अल्झायमर यांनी १९०१ साली ज्या स्त्रीला तपासले आणि जिच्या मेंदूवरून १९०६ साली हा आजार मांडला, ती, ऑगस्टे डेटर, रुग्णालयात आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. मी ४९ ची आहे. डॉक्टर म्हणाले, की ठरावीक जनुकांतील दोषामुळे कमी वयात हमखास उद्भवणारा प्रकार एकूण रुग्णांत एक टक्क्याहूनही कमी आढळतो. एपीओई-४ हे जनुकरूप धोका वाढवते, पण ते असलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही आणि नसलेल्यालाही होऊ शकतो. म्हणून केवळ काळजीपोटी ती तपासणी करण्याचा सल्ला त्यांनी दिला नाही. मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ या प्रथिनांचे साचणे लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून सुरू झालेले असू शकते, हे ऐकल्यावर माझ्या वयात काय करायचे ते मला विचारावे लागले नाही.

आईला डोनेपेझिल हे औषध सुरू आहे. ते आजार थांबवत नाही. काही काळ स्मरण आणि दैनंदिन कामे थोडी सावरून धरते, एवढीच अपेक्षा ठेवायला आम्हाला सांगितले होते, आणि सुरुवातीची मळमळ गेल्यावर तेवढे झाले. अमायलॉइड हटवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दल मी विचारले होते. ती केवळ सुरुवातीच्या टप्प्यात, अमायलॉइडची खात्री करून आणि वारंवार एमआरआय करत द्यावी लागतात आणि त्यांत मेंदूला सूज येण्याचा किंवा सूक्ष्म रक्तस्रावाचा धोका असतो. आईच्या एमआरआयमध्ये आधीच सूक्ष्म रक्तस्रावाच्या बऱ्याच जुन्या खुणा असल्याने तो मार्ग आम्ही घेतला नाही. निदान लवकर झाल्यामुळे बँकेची कागदपत्रे आणि मृत्युपत्र मात्र तिने स्वतः, समजून, स्वतःच्या इच्छेने पूर्ण केले.

श्रवणयंत्र तिने अखेर स्वीकारले. शिवणही चालू आहे. बाह्यांच्या कागदी नमुन्यांवर मी मोठ्या अक्षरांत "उजवी" आणि "डावी" लिहून दिले आहे, आणि उशांचे अभ्रे तिला अजून कोणत्याही खुणेविना जमतात. माझा रक्तदाब मी निदानाच्याच आठवड्यात तपासून घेतला. तो वाढलेला निघाला, आणि आता सकाळी आम्ही दोघी आपापली गोळी बरोबरच घेतो, म्हणजे दोघींचीही चुकत नाही.