वर्कस्टेशनची किंमत मी कशी जोखली

नऊ वर्षं मी एकाच कीबोर्डवर वाजवत होते. त्याची पॉलिफनी ६४ होती. एका वेळी ६४ आवाज, आणि त्यापुढे नवा स्वर आला की यंत्र जुन्यांपैकी एखादा सोडून देतं. संथ गाण्यात सस्टेन पेडल दाबून ठेवलेलं, पियानोखाली स्ट्रिंग्जचा लेयर, म्हणजे दुसऱ्या आवाजाचा थर, लावलेला, आणि मधेच खालचा षड्ज नाहीसा व्हायचा. समोरच्यांना ते कळत नसेलही. मला कळायचं, आणि पुढच्या दोन ओळी माझा हात आखडलेला असायचा.

म्हणून मोठ्या वर्कस्टेशनचा विचार सुरू झाला, म्हणजे ज्यात आवाज, इफेक्ट्स आणि गाणं रचण्याची सोय एकत्र असते अशा कीबोर्डचा. किंमत माझ्या कीबोर्डच्या कित्येक पट. एवढे पैसे घालून नेमकं काय मिळणार, हे ठरवायला मला चार महिने लागले. कोणतं यंत्र ते लिहीत नाही, कारण मी ज्या पद्धतीने तपासलं ती कुठल्याही मोठ्या यंत्राला लागू पडेल.

पहिल्या दिवशी मी अगदी भारावून गेले होते. एक पॅच, म्हणजे यंत्रातला तयार आवाज, लावला, एक कॉर्ड धरली आणि खोलीभर वाद्यवृंद उभा राहिला. दुसरा पॅच त्याहून भव्य. तासाभरात माझं मन ठरलं होतं. आम्ही सगळे ज्यांना सर म्हणतो ते ज्येष्ठ वादक सोबत होते. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "इफेक्ट्स सगळे बंद कर आणि मग पियानो वाजव."

रिव्हर्ब (खोलीसारखी घुमणारी गूंज), डिले (प्रतिध्वनी), कोरस (आवाज रुंद करणारा परिणाम) सगळं बंद केल्यावर समोर उरला कोरडा आवाज. कारखान्यातून येणारे पॅच दोन सेकंदांत ऐकणाऱ्याला जिंकण्यासाठी बांधलेले असतात: रुंद, चकचकीत, रिव्हर्बमध्ये बुडालेले. बँडमध्ये बास, गिटार, ड्रम्स सुरू झाले की त्यातला निम्मा भाग काढून टाकावा लागतो. त्यामुळे खरी परीक्षा कोरड्या आवाजाची. मी एकच स्वर दाबून तो पूर्ण विझेपर्यंत ऐकला. स्वस्त पियानोत काही सेकंदांनी सँपल, म्हणजे खऱ्या वाद्याचं साठवलेलं रेकॉर्डिंग, लूपमध्ये जातं, तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो आणि आवाज एकसुरी घुमायला लागतो. इथे तो शेवटपर्यंत बदलत राहिला. मग तोच स्वर अगदी हळू, थोडा जोरात, आणखी जोरात असा वाजवला. व्हेलॉसिटीचे, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली त्यानुसार वाजणारे, थर कुठे बदलतात ते कानाला टोचतं का, हे बघायचं होतं. एका ठिकाणी टोचलं, मध्य सप्तकाच्या वरच्या अंगाला. मग डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी वाजवत गेले. शेजारच्या दोन स्वरांचा पोत अचानक वेगळा लागला, तर तिथे एकच सँपल ताणून अनेक पट्ट्यांवर पसरलेलं असतं.

ही तपासणी मी माझ्या जुन्या कीबोर्डवरही केली, त्याच हेडफोनवर. आणि दोन्हींचा आवाज मीटरवर बघून सारखा करून घेतला. हे शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. जे यंत्र किंचित मोठ्याने वाजतं ते कानाला हमखास जास्त चांगलं वाटतं, मग आत काहीही असो.

घरी आल्यावर दुसरं काम. आमच्या कार्यक्रमातल्या २२ गाण्यांची यादी केली आणि प्रत्येकापुढे मी खरोखर वापरते ते आवाज लिहिले. पियानो, इलेक्ट्रिक पियानो, ऑर्गन, स्ट्रिंग्ज, ब्रास, एक पॅड (मागे भरून राहणारा संथ आवाज), एक लीड (पुढे येऊन सूर वाजवणारा आवाज). सात. समोरच्या यंत्रात हजारो पॅच होते. त्या हजारांचे पैसे मी देणार नव्हते, मला या सातांची किंमत ठरवायची होती.

वर्कस्टेशन या कल्पनेमागचा हिशेब मुळात वेगळा होता. सरांकडे कितीतरी वर्षं कोर्गचं एम१ होतं. १९८८ साली आलेलं ते यंत्र: १६ आवाजांची पॉलिफनी, अवघ्या ४ मेगाबाइटमध्ये बसवलेली सँपल, अंगचे इफेक्ट्स आणि ८ ट्रॅकचा सीक्वेन्सर, म्हणजे वाजवलेलं साठवून एकावर एक रचत जाण्याची सोय. आज हे आकडे किरकोळ वाटतात. पण त्या काळी एकट्या माणसाला अख्खं गाणं एका पेटीत रचून वाजवता आलं, ही केवढी मोठी गोष्ट होती! घरात संगणकावर रेकॉर्डिंग करणं तेव्हा सर्रास नव्हतं. एम१ घेणारा माणूस वाद्याबरोबर एक छोटा स्टुडिओही घेत होता, आणि किंमत त्या स्टुडिओशी ताडून बघत होता.

माझ्याकडे संगणक आहे. त्यातला सीक्वेन्सर कुठल्याही वर्कस्टेशनच्या पडद्यावरच्यापेक्षा मोठा, सोपा आणि मला सवयीचा. म्हणून मी किमतीतून तो भाग मनातल्या मनात वजा केला. मग पुढचा प्रश्न आपोआप आला: सगळंच संगणकावर का नको? आवाजाच्या बाबतीत संगणक जिंकतो, हे मला मान्य करावंच लागेल. चांगल्या पियानोची लायब्ररी, म्हणजे सँपलचा संच, दहा-दहा गिगाबाइटची असते आणि ती ऐकल्यावर माझ्या आवडत्या वर्कस्टेशनचा पियानोही थोडा सपाट वाटतो. मी महिनाभर लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकातून बाहेर काढणारी पेटी) आणि एक कंट्रोलर (स्वतःचा आवाज नसलेला कीबोर्ड) घेऊन सरावाला गेले. लेटन्सीची, म्हणजे पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतच्या विलंबाची, जी भीती होती ती फारशी खरी ठरली नाही. ४४,१०० हर्ट्‌झवर १२८ सँपलचा बफर (संगणक एका वेळी तयार करून ठेवतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे साधारण २.९ मिलिसेकंद. त्यात बाकीचा विलंब धरला तरी दोन-तीन मीटरवरच्या स्पीकरचा आवाज कानापर्यंत यायला लागतो त्याच पंक्तीतलं हे गणित आहे.

अडलं दुसरीकडेच. चार सरावांपैकी दोन वेळा मी वाजवायच्या ऐवजी पडद्याकडे बघत बसले होते. एकदा अपडेट, एकदा इंटरफेस ओळखला गेला नाही. गायिका पट्टी बदलून मागते, मला ट्रान्सपोझ करायचं, म्हणजे सगळे स्वर सरकवायचे असतात, आणि माझा हात माउसवर. वाजवताना मन ज्या अवस्थेत असतं ती एकदा मोडली की त्या दिवशी परत येत नाही. मला तरी येत नाही.

मग सरांनी ते मोठं यंत्र पंधरा दिवसांसाठी मिळवून दिलं. या पंधरा दिवसांनी सगळ्यात जास्त शिकवलं. मी एक वही ठेवली. बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, आणि मधे काय केलं. पॉलिफनीची परीक्षा पहिल्याच रात्री घेतली. स्टिरिओ सँपलचा एक स्वर बऱ्याच यंत्रांत दोन आवाज खातो. माझ्या थरात स्टिरिओ पियानो, दोन स्टिरिओ स्ट्रिंग्ज आणि एक स्टिरिओ पॅड, म्हणजे एका पट्टीला ८ आवाज. जाहिरातीत १२८ लिहिलं असेल तर या हिशेबाने १६ स्वर झाले की संपलं, आणि पेडल दाबलेलं असताना १६ स्वर दोन मापांत होतात. या यंत्रात स्टिरिओ स्वर एकच आवाज म्हणून मोजला जात होता. मी पेडल न सोडता, मुद्दाम दोन्ही हातांनी, खालचा षड्ज कानात धरून वाजवत राहिले. तो गेला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

दुसरी परीक्षा पॅच बदलण्याची. कॉर्ड दाबून ठेवायची आणि तशीच पुढच्या पॅचवर जायचं. माझ्या जुन्या कीबोर्डवर आवाज कात्रीने कापल्यासारखा तुटतो, म्हणून प्रत्येक गाण्यात मी अशा जागा शोधून ठेवलेल्या असतात जिथे क्षणभर शांतता चालेल. इथे जुनी कॉर्ड तिच्या रिव्हर्बसकट विरत राहिली आणि वर नवा आवाज सुरू झाला. एरवी बारीक वाटणाऱ्या या सोयीमुळे माझ्या २२ पैकी ९ गाण्यांची मांडणी बदलणार होती. सगळी मोठी यंत्रं हे सारखं करत नाहीत. कितीपर्यंत थर असतील तर जमतं याची मर्यादा असते, ती हाताने तपासावी लागते.

तक्रारीही होत्या. वीज बंद करून परत सुरू केल्यावर वाजवण्याजोगं व्हायला घड्याळात दोन मिनिटं लागली. मंचावर वीज गेली तर दोन मिनिटं फार मोठी असतात. सुटे भाग किती वर्षं मिळतील, खासकरून टचस्क्रीन आणि पट्ट्यांखालचे रबरी काँटॅक्ट, हे मी विक्रीनंतरची सेवा देणाऱ्यांना लिहून विचारलं. तीन आठवडे उत्तर आलं नाही, आणि आलं ते गोलमोल. मला याचा राग आला. वाद्य माणूस वीस वर्षांच्या हिशेबाने घेतो.

पंधराव्या दिवशी वहीतली बेरीज केली. एकूण ४१ तास. सीक्वेन्सर तिसऱ्या दिवसानंतर उघडलाच नव्हता. २३ तास नुसतं वाजवणं. आणि ९ तास आवाज घडवणं, याची मला अपेक्षाच नव्हती. यामाहाचं डीएक्स७ १९८३ साली आलं तेव्हा त्यात एफएमचे ६ ऑपरेटर होते, म्हणजे एकमेकांचा आकार बदलून आवाज तयार करणाऱ्या ६ लहरी. आजच्या काही मोठ्या यंत्रांत ८ असतात. कोर्गच्या २०११ च्या क्रोनॉसमध्ये तर नऊ वेगवेगळी इंजिनं, म्हणजे आवाज तयार करण्याच्या पद्धती, एकत्र होती. ही यादी वाचून मला नेहमी वाटायचं, हे आपल्यासाठी नाही. पण समोर मोठा पडदा, हाताशी नॉब, आणि फिरवलेलं लगेच ऐकू येतंय म्हटल्यावर मी एका रात्री शून्यातून बासरीच्या जवळ जाणारा एक लीड बनवला. तो आजही वापरते.

एवढं झाल्यावरही एक प्रश्न राहिला होता, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. बऱ्याच मोठ्या यंत्रांना एक धाकटं भावंड असतं. यामाहाच्या २०१६ च्या मोंटाजची दोन्ही इंजिनं २०१८ साली मोडएक्समध्ये आली, कमी किमतीत आणि हलक्या अंगात. रोलँडच्या फँटमलाही फँटम-० आहे. म्हणजे आवाज जवळपास तोच, मग वरचे पैसे कशाचे? मी दोन्ही भावंडांना एकच मिडी फाइल (कोणता स्वर कधी, किती जोरात दाबायचा याची नोंद) वाजवायला लावली, पातळी सारखी केली, आणि माझ्या भावाने फाइलींची नावं बदलून दिली. २० तुकडे. त्यातले ११ मी बरोबर ओळखले. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढेच आले असते.

आवाजाच्या बाजूने विचार केला तर निकाल धाकट्याच्या बाजूने लागला होता, आणि मी तो स्वीकारायला तयार होते. मग डोळे मिटून दोघांवर तोच लीड वाजवला. मोठ्याला आफ्टरटच होता: पट्टी खाली गेल्यावरही बोटाचा दाब वाढवला की स्वर थरथरतो, उघडतो. धाकट्याला तो नव्हता. लांब स्वर धरल्यावर त्याच्यात प्राण घालायला डावा हात बाजूच्या व्हीलवर, फिरवायच्या चाकावर, न्यावा लागायचा, आणि डाव्या हातात तर कॉर्ड असते. पट्ट्यांचा फरकही तसाच. मोठ्यावर अगदी हळू स्पर्शाला हवा तसा हळू स्वर यायचा, धाकट्यावर तो कधी यायचा, कधी एकदम मोठा. रेकॉर्डिंग ऐकताना हे कळणं शक्यच नव्हतं, कारण ती फाइल मी वाजवतच नव्हते. पॉलिफनीही धाकट्यात कमी होती, आणि सगळं सुरू झालं होतं तेच मुळी पॉलिफनीवरून.

राहिला आकाराचा प्रश्न. एकाच मालिकेत ६१, ७६ आणि ८८ पट्ट्यांच्या यंत्रांत इंजिन सहसा तेच असतं. बदलतात त्या पट्ट्या, वजन आणि किंमत. मोंटाजचंच उदाहरण घेतलं तर ६१ पट्ट्यांचं १५ किलो आणि ८८ चं २९ किलो. मला हॅमर पट्ट्या, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्या, हव्या होत्या, पियानोसाठी त्यांना तोड नाही. पण माझ्या सातांपैकी ऑर्गन, ब्रास, पॅड आणि लीड हलक्या पट्ट्यांवर जास्त चांगले वाजतात, आणि ऑर्गनवर तळवा घसरवायचा असेल तर जड पट्ट्या नकोशा होतात. माझा जुना कीबोर्ड ८८ पट्ट्यांचा, हॅमरचा. त्याचा आवाज थकला होता, पट्ट्या अजून ठणठणीत होत्या.

मी मोठ्याची ६१ पट्ट्यांची आवृत्ती घेतली, वापरलेली, एका वादकाकडून, पट्टी न् पट्टी तपासून. प्रत्येक पट्टीवर हळू, मध्यम, जोरात, मग आफ्टरटच, मग सगळे नॉब आणि स्लायडर टोकापासून टोकापर्यंत. एक स्लायडर मधेच उडी मारत होता, तो दुरुस्त करून घेतला. जुना कीबोर्ड खाली ठेवला आणि मिडीने जोडला. आता पियानो खालच्या पट्ट्यांवर, पण आवाज वरच्या यंत्राचा.

वही अजून चालू आहे. आठ महिने झाले. सीक्वेन्सरच्या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही. आवाज घडवण्याचा रकाना वाजवण्याच्या निम्म्यावर आला आहे. आणि त्या संथ गाण्यात मी आता कॉर्डमध्ये आणखी दोन स्वर घालते. ते मला कितीतरी वर्षं ऐकू येत होते, फक्त वाजवता येत नव्हते.