हायड्रोप्टिला शोधायला निघालात? आधी त्या कातळाबद्दल वाचा

हायड्रोप्टिला ही चिमुकल्या कॅडिसफ्लायची, म्हणजे अळ्या पाण्यात वाढणाऱ्या पतंगासारख्या कीटकांची, प्रजाती (genus, जिच्यात अनेक जाती येतात). जायच्या आधी ज्याला विचारावं तो एकच सांगायचा: खळाळत्या पाण्यात पायाने दगड ढवळा, खालच्या अंगाला जाळी धरा, ढिगाने मिळतील. ढिगाने मिळाल्या त्या मेफ्लाय या दुसऱ्याच कीटकाच्या अळ्या. हायड्रोप्टिला? औषधालाही नाही.

नेहमीची मोठ्या छिद्रांची जाळी इथे कुचकामी आहे, ती नेऊच नका. या अळ्या पहिल्या चार अवस्थांत अंगावरच्या घराशिवाय फिरतात आणि इतक्या बारीक असतात की छिद्रांतून सहज निघून जातात. पाचव्या अवस्थेत पोट फुगतं आणि मग कुठे त्या घर बांधतात. तेही जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं. पाव मिलिमीटर छिद्रांची जाळी लागते, पण खरं सांगायचं तर जाळीपेक्षा मऊ कुंचला आणि दहापट भिंग जास्त कामाचं.

आता जागा. या अळ्या धाग्यासारख्या शेवाळाच्या पेशींना भोक पाडून आतला रस शोषतात. म्हणजे शेवाळ हवं, आणि शेवाळाला ऊन हवं. गर्द सावलीतला ओढा कितीही देखणा असो, तिथे वेळ घालवू नका. झाडी जिथे फाकते आणि पाण्यावर ऊन पडतं तिथे जा. आम्हाला अशी जागा मिळाली ती नेमकी एका उतरत्या कातळावर, वरून बोटभर पाणी वाहतंय आणि खाली हिरवा बुळबुळीत थर.

या टप्प्याला आमचा माहितगार 'जरासं ओलं' म्हणाला होता. जरासं! रबरी तळव्याच्या बुटांनी तिथे उभं राहणं अशक्य आहे. सरळ बसा आणि सरकत जा. कपडे खराब होतील, होऊ द्या. काठी शेवाळावर टेकवू नका, भेगेत रोवा. पाठपिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून ठेवा, म्हणजे पाण्यात पडलात तर ती लगेच टाकता येईल. फेल्टचे, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाचे, तळवे चांगली पकड देतात, पण एका ओढ्यातले जीव दुसऱ्यात नेतात, तेव्हा दोन ओढ्यांमध्ये ते पुरते वाळवा. आणि वरच्या अंगाला ढग भरून आले असतील तर कातळावर पाऊल ठेवूच नका. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी पाणी वाढतं.

एवढं करून बसल्यावर मात्र नाक दगडाला लावा. अळीचं घर म्हणजे वाळूचे कण रेशमाने चिकटवून केलेल्या दोन शिंपा, चष्म्याच्या घरासारख्या, कडेवर उभ्या. एका टोकातून डोकं आणि पाय बाहेर आले, तिने शेवाळाचा धागा पकडला. थोड्या वेळाने ती आतच वळली आणि दुसऱ्या टोकातून बाहेर आली! भर पाण्यात बसून मी ओरडलो. पाय बधिर झालेत हे नंतर कळलं.

परतीची वाट सोपी.

प्रौढ कीटक हवे असतील तर रात्री पांढरा पडदा आणि अतिनील दिवा लावा. अंधारी, उबदार, वारा नसलेली रात्र निवडा. चांदणं असेल तर खुशाल झोपा. केसाळ, अरुंद पंखांचे हे कीटक पडद्यावर इतके सैरावैरा पळतात की चिमट्याने चिरडतातच. अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कुंचल्याने टिपा. दिव्याकडे टक लावून पाहू नका, डोळ्यांना त्रास होतो.

नमुने ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, आणि परवानगी लागत असेल तर ती आधी काढा. मोबाइलच्या फोटोवरून जात ओळखायचा नाद सोडा, तो वेळेचा अपव्यय आहे. नराचं जननांग पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं, नुसती मादी असेल तर बहुतेक वेळा प्रजातीपाशीच थांबावं लागतं. त्यामुळे कुपीत काही नर आहेत ना, हे दिवा आवरण्याआधीच भिंगाने बघून घ्या. नाहीतर पुन्हा तो कातळ आहेच.