आजीव सभासद मोजता मोजता

आमची संस्था गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली, वाचनालय आणि बालवाडी चालवणारी. वाचक घटले आणि गावात एकटी राहणारी म्हातारी माणसं वाढली, तेव्हा आम्ही चार बायका मानधनावर घेतल्या. घरोघरी जायचं, रक्तदाब बघायचा, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून ठेवायच्या. कामाचं नाव झालं. मग ऑडिटरने विचारलं, "यांचा पगार कुठल्या उद्देशाखाली दाखवू? वाचनालयाच्या?"

संस्थेच्या घटनेतल्या उद्देशांत हे काम कुठेच बसत नव्हतं. त्याच सुमारास एक कंपनी सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर खर्चायचे, पैसे द्यायला तयार झाली. असे पैसे घेणाऱ्या संस्थेने भरायचा सीएसआर-१ हा फॉर्म (१ एप्रिल २०२१पासून तो लागतोच) सहज झाला, नीती आयोगाच्या 'दर्पण' या संस्थांच्या पोर्टलवरची नोंदणी आधीच होती. पण कंपनीने दोन गोष्टी मागितल्या. एक, अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव. वाचनालयाचा इतिहास त्यात धरत नाहीत. दुसरी, कर्मचारी कोणाला जबाबदार आहेत याचा तक्ता. हा दुसरा कागद आला आणि कार्यकारिणीत सगळे एकमेकांकडे बघू लागले.

एका ताईने मला आपला मोबाइल दाखवला. सकाळी आठला अध्यक्षांचा मेसेज: आज साखळीकडची घरं. साडेआठला खजिनदारांचा: पेट्रोल महाग झालंय, गावातच फिरा. नऊला एका सदस्याचा: माझ्या मावशीकडे आधी जा. ताई म्हणाली, "सर, मी नक्की कोणाचं ऐकू?" नेमणूकपत्र नाही, रजेचा नियम नाही, आणि कार्यकारिणीचे अकरा जण म्हणजे मालक अकरा. अशा ठिकाणी चांगली माणसं टिकत नाहीत. चौघींतली एक म्हापशाच्या दवाखान्यात निघूनच गेली.

म्हणून ठरवलं, उद्देश आणि कारभाराचे नियम एकदमच बदलायचे. आणि इथे आम्ही अडकलो.

महाराष्ट्रातले मित्र सांगत होते, धर्मादाय आयुक्तांकडे जा. गोव्यात ते पद नाही, इथे जिल्हा निबंधक. एका जाणकाराने छातीठोक सांगितलं की वार्षिक सभेत ठराव केला की झालं. झालं काहीच नाही. उद्देश बदलायचा तर त्याच १८६०च्या कायद्याचं कलम १२. प्रस्ताव लेखी किंवा छापील करून प्रत्येक सभासदाला विशेष सभेच्या दहा दिवस आधी पोचवायचा. त्या सभेत सभासदांच्या तीन पंचमांश मतांनी मंजुरी. मग एका महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा, तिथे हजर असलेल्यांच्या तीन पंचमांश मतांनी ती कायम करायची.

दुसऱ्या सभेत "हजर असलेल्यांच्या" आहे. पहिल्या सभेत सभासदांच्या. म्हणजे सगळ्या. आमच्या रजिस्टरात २१४ नावं! वार्षिक सभेला चाळीस आले तरी आम्ही समोसे कमी पडल्याची चर्चा करतो. कलम १२ प्रतिनिधीमार्फत दिलेलं मत धरतं, पण आमच्या घटनेत तशी सोय नव्हती, तेव्हा आम्ही धरून चाललो की माणूस स्वतः खुर्चीत बसायला हवा. त्या दिवसांत मी रजिस्टर उशाशी घेऊन झोपत होतो आणि ज्यांनी ते भरलं त्यांना मनातल्या मनात काय काय बोलत होतो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सुटका कलम १५ने केली. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकलीय, त्याला मत नाही आणि सभासद म्हणून त्याची मोजणीही नाही. वार्षिक सभासद धडाधड गळाले. हे कलम कोणी आधी सांगितलं असतं तर माझे बरेच केस शाबूत राहिले असते. (मात्र थकबाकीची यादी खजिनदारांच्या सहीने, पावती पुस्तकाशी ताडून ठेवा. कोणीतरी भांडतंच.)

आजीव सभासद मात्र उरले. त्यांची वर्गणी थकणार कशी? एकदाच दिलेले एकशे एक रुपये आणि नाव कायमचं. कित्येक वारलेले. त्यांच्या घरी मृत्यू दाखल्याची प्रत मागायला गेलो तर मुलगा म्हणतो, "बाबांच्या जागी आता मी." देवळाची महाजनकी वंशपरंपरेने येते, तसंच वाचनालयाचं असणार, असा त्याचा समज. समजावता समजावता चहा दोनदा झाला. काही जणांनी दाखला दिलाच नाही. ती नावं आम्हाला मोजणीत धरावी लागली.

सगळं चाळून ९६ उरले. म्हणजे ५८ माणसं हवी. त्यातली बरीच मुंबईला.

मग अध्यक्षांनी एक गोष्ट फार शहाणपणाची केली, पहिली सभा चवथीत ठेवली. मुंबईकर एरवी येवोत न येवोत, चवथीला घरी येतात. नोटिसा आधीच मुंबईच्या पत्त्यावर पोस्टाने गेल्या होत्या. आम्ही घरोघर गणपती बघायला गेलो आणि माटोळीखाली (गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या मंडपीखाली) उभं राहून सभेची आठवण केली. पाच दिवसांच्या विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी सभा. ६१ आले. एकाने विरोध केला, तोही समोशांच्या मुद्द्यावर. दुसरी सभा महिन्यानंतर, पंचवीसेक जणांत आटोपली. कार्यकारिणीची यादी दरवर्षी कलम ४प्रमाणे, वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत, जात होती, त्यामुळे निबंधकांकडे काही अडलं नाही.

कारभाराच्या नियमांत आता लिहिलंय की कार्यकारिणी काम आणि अंदाजपत्रक ठरवील, कर्मचाऱ्यांना सूचना फक्त व्यवस्थापक देईल, आणि सदस्याचा नातेवाईक नेमायचा असेल तर त्या सदस्याने बैठकीतून उठून बाहेर जायचं. शेवटच्या नियमावर जितका वाद झाला तितका उद्देशांवर झाला नाही. खजिनदार अजून फोन करतात, पण आता ताया सांगतात, "व्यवस्थापकांशी बोला."

एक राहिलंच. उद्देश बदलले की आयकरात सवलत देणाऱ्या नोंदणीचं (१९६१च्या कायद्यात ती १२एबी) बघा. बदल जुन्या नोंदणीच्या अटींत बसत नसेल तर १९६१च्या आयकर कायद्याप्रमाणे तीस दिवसांत फॉर्म १०एबी भरावा लागायचा. सभेची तारीख ठरवतानाच सीएला सांगून ठेवा. आणि बालवाडी, वाचनालय धरून कर्मचारी दहा झाले की कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवीच. आमच्याकडे तेरा निघाले.

आजीव सभासदत्व देणं आम्ही बंद केलंय. वर्षाला पन्नास रुपये, यूपीआयने चालतात.