मे महिन्यात तगेल तेच पहिले कोरल

"मॅडम, पहिलं कोरल कोणतं घेऊ, म्हणजे मरणार नाही?" लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते आणि घरच्या बैठकीत कोरलची, म्हणजे प्रवाळ या समुद्री प्राण्याची, सत्तर लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळते, त्यामुळे हा प्रश्न मला विद्यार्थी विचारतात, त्यांचे पालक विचारतात आणि टाकी पाहायला उदगीर-अहमदपूरहून आलेले पाहुणेही विचारतात. तुम्हीही विचारलेत म्हणून या वेळी उत्तर सविस्तर लिहिते. थोडक्यात सांगायचे तर पहिले कोरल मशरूम (भूछत्रासारख्या चकतीचे) घ्यावे, दुसरे लेदर (देठावरच्या छत्रीसारखे) घ्यावे आणि बाकीच्यांसाठी निदान एक उन्हाळा थांबावे.

हा क्रम मी रंगावरून किंवा किमतीवरून लावलेला नाही. दुकानातल्या निळ्या दिव्याखाली प्रत्येक कोरल सुंदरच दिसते आणि वातानुकूलित दुकानात ते तगतेही. आपल्याकडे मात्र मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, दुपारी वीज जाते आणि नळाला पाणी रोज येत नाही. त्यामुळे कोरल निवडताना वर्षातला सर्वांत वाईट दिवस डोळ्यांसमोर आणावा आणि त्या दिवशी जे जगेल तेच घरात आणावे, या मतावर मी ठाम आहे.

मशरूम आणि लेदर ही दोन्ही सॉफ्ट कोरल समजली जातात. सॉफ्ट कोरल म्हणजे मऊ प्रवाळ. त्याला खडकासारखा सांगाडा नसतो, मांसल अंगात चुन्याचे सूक्ष्म कण तेवढे असतात. म्हणून पाण्यातले कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (आम्लाला तोंड देण्याची पाण्याची क्षमता) काटेकोर जपण्याचा जो व्याप कठीण प्रवाळांसाठी करावा लागतो, तो येथे बराच कमी होतो. अंगठीतले पोवळे म्हणजे हेच का, असे सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात विचारले होते. पोवळे हा लाल प्रवाळाचा सांगाडा असतो आणि सांगाडा असूनही तो प्राणी, प्रत्येक पॉलिपला (वसाहतीतल्या एकेका इवल्या जिवाला) आठ हात असणाऱ्या याच कुळातला आहे, हे त्यांना सांगताना मलाही आनंद झाला. काटेकोर बोलायचे तर मशरूम आणि झोआ (बटणासारख्या पॉलिपांचे कोरल) या कुळात मोडत नाहीत. पण त्यांनाही सांगाडा नसल्याने शौकीन मंडळी त्यांना सॉफ्टमध्येच धरतात आणि निवड करताना तेवढे पुरते.

टाकीत आपण ठेवतो त्या या कोरलांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि दिव्याच्या प्रकाशावर अन्न तयार करून त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. पाणी चोवीस ते सत्तावीस अंशांच्या आसपास असेपर्यंत हा संसार नीट चालतो. ते फार तापले की शैवाल अंगाबाहेर टाकले जाते, कोरल पांढरे पडते आणि तशीच स्थिती राहिली तर उपाशी मरते. समुद्रात प्रवाळबेटे पांढरी पडतात ती याच कारणाने, आणि आपल्या बैठकीतल्या टाकीत तेच अधिक वेगाने घडते, कारण सत्तर लिटर पाणी तापायला एक दुपार पुरते.

माझ्या टाकीत ते दुसऱ्याच उन्हाळ्यात घडले. वीज सकाळी गेली ती दिवे लागणीला आली, इन्व्हर्टर मध्येच संपला आणि मी घरी पोहोचले तेव्हा तापमापी बत्तीस दाखवत होती. तालावर हात उघडझाप करणारे झेनिया, ज्याच्यासाठी मी सर्वांत जास्त पैसे मोजले होते, ते दुसऱ्या दिवशी सकाळी भिजलेल्या कागदासारखे विरघळून खडकावरून ओघळत होते. शेजारचे तळहाताएवढे निळसर मशरूम आक्रसून रुपयाच्या नाण्याएवढे झाले होते, पण त्याची कड अजून घट्ट होती आणि तोंड मिटलेले होते. "आज फुललं न्हाई की गं ते," असे सासूबाई चार दिवस रोज सकाळी सांगत होत्या. पाचव्या दिवशी त्याची एक बाजू पसरली आणि पंधरवड्यात ते पूर्ववत झाले. मी मशरूम सुचवते ते याच आठवड्यामुळे.

मशरूमच्या गरजाही थोड्या असतात. भूछत्रासारखी ही चकती टाकीच्या तळाशी, मंद प्रकाशात आणि मंद प्रवाहात ठेवावी. पाण्यात थोडे नायट्रेट (विष्ठा आणि उरल्या अन्नातून शेवटी तयार होणारे द्रव्य) असलेले तिला चालते, किंबहुना अतिस्वच्छ पाण्यात ती खंगते. एकच अडचण येते: जागा आवडली नाही तर ती खडक सोडून तरंगू लागते. अशा वेळी गोंद लावण्यापेक्षा एका वाटीत खडकाचे बारीक तुकडे टाकावेत, त्यावर मशरूम ठेवावे, वर जाळीचे कापड बांधावे आणि आठ-दहा दिवस वाटीला हात लावू नये. त्या मुदतीत ते एखाद्या तुकड्याला आपणहून धरते.

पाण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण आपल्याकडे कोरल बहुधा पाण्यापायीच जातात. बोअरचे पाणी येथे चालत नाही. घरच्या आरओचेही जसेच्या तसे वापरू नये, कारण चवीसाठी त्यात पुन्हा क्षार मिसळण्याची सोय असते. ती बंद करून पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांची) नळी जोडावी आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्याजवळ आणावा. मग समुद्री मीठ मिसळून लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार ठेवावेत आणि ते रिफ्रॅक्टोमीटर या खारटपणा मोजणाऱ्या उपकरणावर मोजावेत. उन्हाळ्यात उडून जाते ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहते. खडक वगळून टाकीत साठ लिटर पाणी असेल आणि त्यातले दोन लिटर उडाले, तर ३५ चा खारटपणा ३६ च्या वर जातो. रोज तेवढेच उडत राहिले आणि तीन दिवस कोणी लक्ष दिले नाही तर तो ३९ च्या घरात पोहोचतो. म्हणून उडालेले पाणी रोज, शक्यतो ठरलेल्या वेळी, याच शुद्ध, बिनमिठाच्या पाण्यानेच भरावे. आपली हवा कोरडी असल्याचा एक लाभही आहे: टाकीच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडला की माठात पाणी गार होते त्याच न्यायाने तापमान दोन-तीन अंश उतरते. पावसाळी दमट हवेत हा उपाय फिका पडतो, पण तेव्हा त्याची गरजही कमी असते. वीज गेल्यावर मात्र पंख्याच्याही आधी बॅटरीवरचा हवेचा पंप सुरू करावा, कारण थांबलेल्या आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू लवकर कमी होतो.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले ते दिवस ज्या शहराने पाहिले, तेथे घरात समुद्र का ठेवावा, असेही मला विचारले जाते आणि तो प्रश्न मला रास्त वाटतो. आठवड्याची पाणीबदली आणि रोजची भर मिळून मला उन्हाळ्यात आठवड्याला पंधरा-वीस लिटर शुद्ध पाणी लागते, आरओतून वाया जाणारे त्याच्या काही पट निघते आणि ते सगळे फरशी पुसायला आणि शौचालयात वापरले जाते. तेवढी व्यवस्था आधी लागत नसेल तर टाकी घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगते.

दुसरे कोरल म्हणून टोडस्टूल लेदर घ्यावे. देठावर उभी असलेली ही छत्री मध्यम प्रकाश आणि जरा जोराचा प्रवाह मागते. ती अधूनमधून सगळे पॉलिप आत ओढून आठवडाभर मेल्यासारखी उभी राहते, अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा धरते आणि मग तो टाकून नव्याने फुलते. नवखी माणसे याच काळात घाबरून तिला हलवतात, औषधे घालतात आणि घालवून बसतात. लेदर आपल्या बचावासाठी पाण्यात रसायने सोडते, म्हणून फिल्टरमध्ये थोडा सक्रिय कोळसा असू द्यावा. हिरवे स्टार पॉलिप दणकट खरे, पण त्यांची जांभळी साय खडकामागून खडक व्यापत जाते. त्यांना वाळूत वेगळ्या दगडावर बसवावे. झोआबद्दल मी फार सावध आहे. त्यांच्यातल्या काहींमध्ये, विशेषतः पॅलिथोआ या प्रकारात, पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. ते हातमोजे आणि चष्म्याशिवाय हाताळू नयेत आणि ते चिकटलेला खडक कधीही उकळू नये, कारण त्या वाफेने घरातली सगळी माणसे आजारी पडू शकतात. ज्या घरात लहान मूल टाकीत हात घालते, तेथे झोआ नकोतच.

विकत घेताना कायदाही लक्षात ठेवावा लागतो. २००१ पासून सर्व कठीण प्रवाळ, समुद्रपंखे (पंख्यासारखी पसरणारी प्रवाळे) आणि ऑर्गन पाइप कोरल हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. यातले शेवटचे दोन आठ हातांच्या कुळातलेच असल्याने "सॉफ्टच आहे" असे सांगून कोणी पुढे केले तरी ते घेऊ नयेत. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडा टाकीच्या सजावटीसाठी उचलून आणणेही योग्य नाही; माझ्या टाकीतले खडक सिरॅमिकचे आहेत. मशरूम आणि लेदर कापून वाढवता येतात, म्हणून एखाद्याच्या टाकीत वाढलेला तुकडा मागून घेणे मला सर्वांत बरे वाटते.

आणायची वेळ दिवाळीनंतरची ठेवावी. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येणारा थर्माकोलचा डबा नोव्हेंबरात सुखरूप पोहोचतो, एप्रिलमध्ये तो उकळून येतो. शिवाय कोरलला उन्हाळ्याआधी पाच महिने स्थिरावायला मिळतात. हिवाळ्यातल्या थंड रात्रींसाठी हीटर मात्र हवा. डबा येण्याआधी टाकी निदान चार ते सहा आठवडे मीठपाण्यावर चाललेली असावी आणि अमोनिया व नायट्राइट ही विषारी द्रव्ये दोन्ही शून्य आलेली असावीत.

उदगीरच्या एका विद्यार्थिनीसाठी मी सध्या दोन मशरूम जाळीखालच्या वाटीत ठेवली आहेत. एकाने काल तुकडा धरला, दुसरे अजून वाटीभर फिरते आहे. तिच्या टाकीचा हा पाचवा आठवडा आहे आणि नायट्राइट अजून पूर्ण उतरलेले नाही, म्हणून डबा भरायची घाई मी केलेली नाही.